पाणी ओसरल्यावर मोजायचं काय?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या अभ्यास-शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



'पूर, दुष्काळ आणि स्त्रिया' या विषयावर मी बोलावं असं ठरलं, तेव्हा तुमची अपेक्षा मराठवाड्याची किंवा कृष्णाकाठची असणार. मी आज ऑस्ट्रेलियाबद्दल बोलणार आहे. मी तिथे काम केलेलं नाही. तिथल्या संशोधक स्त्रियांनी आणि चळवळीतल्या बायांनी जे लिहून ठेवलं, ते अभ्यास म्हणून वाचलं आणि मला ते आपल्या उपयोगाचं वाटलं, एवढंच.

उपयोगाचं का? आपल्याकडे आपत्ती आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'गरीब देश, त्यात गरीब बाई, हाल व्हायचेच.' म्हणजे पैसा आला, पक्के रस्ते आले, हेलिकॉप्टर आलं, विमा आला, की बाईचे हाल आपोआप संपतील. हे खरं आहे का? तपासून पाहायला ऑस्ट्रेलियासारखी जागा नाही. श्रीमंत देश. बँकेत थेट मदत जमा होते. हवामान खात्याच्या नोंदी शंभर वर्षांहून जुन्या. आणि पूर व दुष्काळ दोन्ही असे, की एकाचा चिखल वाळायच्या आत दुसरा दारात.

आधी पावसाचं समजून घेऊ. सबंध ऑस्ट्रेलिया खंडाचा सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ४६५ मिलिमीटर. पण ही सरासरी प्रत्यक्षात क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. उत्तरेला चक्रीवादळं आणि उन्हाळी पावसाचा मारा, मध्यभागी वाळवंट, आग्नेयेला हिवाळी पावसावरचा गहू आणि मेंढ्या. २०१९ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत कोरडं वर्ष ठरलं. देशभरात सरासरी अवघा २७७ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२२ मध्ये, पूर्व किनाऱ्यावरची गावंच्या गावं पाण्याखाली होती.

यामागे समुद्राचा मोठा हात आहे. पॅसिफिक महासागराचा पूर्वेकडचा भाग तापला, एल निनो आला, की ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडचा पाऊस बहुधा आटतो. उलट झालं, ला निना आली, की पाऊस वाढतो. २०२० ते २०२३ या काळात ला निना लागोपाठ तीनदा आली. तिसरी गोष्ट आपल्याच समुद्रातली आहे. हिंदी महासागराचं आफ्रिकेकडचं पाणी जास्त तापलं आणि इंडोनेशियाकडचं थंड राहिलं, की ऑस्ट्रेलियाचा पाऊस कमी होतो आणि आपल्या मोसमी पावसाला बहुतेकदा बळ मिळतं. २०१९ मध्ये नेमकं हे फार तीव्रपणे घडलं. त्या ऑगस्टमध्ये आपल्यातल्या किती तरी जणी सांगली-कोल्हापुरात कमरेएवढ्या पाण्यातून फिरत होत्या. पूर एकाच कारणाने येत नाही. धरणांचा विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं याबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. पण ज्या समुद्राने त्या वर्षी इथल्या पावसाला जोर दिला, त्यानेच तिकडच्या बाईचं तळं कोरडं केलं, हा धागा लक्षात ठेवू या.

त्यात आता तापमानवाढीची भर आहे. १९१० पासून ऑस्ट्रेलिया सुमारे दीड अंशाने तापला आहे. हवा जितकी तापते तितकी ती जास्त बाष्प धरते आणि कोसळते तेव्हा जास्त जोराने कोसळते. आग्नेय भागातला थंडीच्या हंगामातला पाऊस मात्र गेल्या काही दशकांत घटला आहे.

डोरोथिआ मॅकेलार या कवयित्रीची १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'माय कंट्री' ही कविता तिथल्या शाळाशाळांतून शिकवली जाते. दुष्काळ आणि पूर यांच्यासकट ही भूमी मला प्रिय आहे, असा तिचा भाव. कविता सुंदर आहे. पण तिचा एक राजकीय उपयोगही होतो. पाणी कुणाला मिळालं, कुणाचं पळवलं, नदीच्या पात्रालगत घरं बांधायला परवानगी कुणी दिली, असं विचारलं, की 'आपली भूमीच अशी आहे' हे उत्तर तयार असतं. आपल्याकडचं 'निसर्गाचा कोप' हे त्याचंच भावंड.

आता दुष्काळाकडे येऊ. पूर दिसतो, त्याची चित्रं येतात. दुष्काळ हळूहळू येतो आणि तो सर्वांत आधी घरात शिरतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २००९ पर्यंत आग्नेय ऑस्ट्रेलियात जो दीर्घ दुष्काळ पडला, त्याचा अभ्यास करणाऱ्यांत मार्गारेट ऑल्स्टन यांचं नाव महत्त्वाचं आहे. त्या समाजकार्याच्या प्राध्यापक, म्हणजे माझ्याच विषयाच्या. त्यांनी दुष्काळी भागातल्या शेतकरी कुटुंबांशी बोलून जे मांडलं ते असं : पीक गेलं, कर्ज वाढलं, की मजूर ठेवणं परवडत नाही. त्या मजुराचं काम बाईकडे येतं. जनावरांना हाताने चारा घालणं, पाणी वाहून आणणं, हिशेब, बँकेची पत्रं, मदतीचे अर्ज, हे सगळं तीच करते. आणि घरात रोख पैसा यावा म्हणून नोकरीही तीच धरते, शाळेत, दवाखान्यात, कचेरीत. अंतरं प्रचंड असल्यामुळे कित्येक जणी आठवडाभर शहरात खोली घेऊन राहतात आणि शनिवार-रविवार शेतावर येतात. नवरा तिकडे एकटा, ती इकडे एकटी. घटस्फोट नाही, भांडण नाही. दुष्काळाने केलेली ही ताटातूट आहे, आणि ती कुठल्याही सरकारी तक्त्यात येत नाही.

शेतीचं काम बाई करते, पण शेतकरी ती नसते, हे तुम्हाला नवीन नाही. तिथे या अदृश्यपणाला तारीखसुद्धा देता येते. १८९१ च्या जनगणनेसाठी तिथल्या वसाहतींच्या सांख्यिकी अधिकाऱ्यांनी माणसांची 'कमावते' आणि 'अवलंबित' अशी विभागणी केली. शेतावर राबणाऱ्या बायका-मुलींना त्यांनी अवलंबितांत टाकलं. एका सहीने हजारो स्त्रियांचं काम कागदावरून नाहीसं झालं. पुढे शंभर वर्षांनी, १९९४ मध्ये, मेलबर्नला शेतीतल्या स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हाही 'आम्ही शेतकऱ्याच्या बायका नाही, आम्ही शेतकरी आहोत' हेच मांडावं लागत होतं.

एक नाजूक मुद्दा आहे, तो टाळणार नाही. न्यू साउथ वेल्स राज्यातल्या १९७० ते २००७ या काळातल्या नोंदींच्या अभ्यासात असं दिसलं, की दुष्काळ तीव्र होतो तसा ३० ते ४९ वयाच्या ग्रामीण पुरुषांमध्ये आत्महत्येचा धोका वाढतो. ग्रामीण स्त्रियांमध्ये तशी वाढ दिसली नाही. पुरुषांचं दुःख खरं आहे. जमीन हातची जाताना पाहणाऱ्या माणसाची थट्टा आपण कधीही करणार नाही. पण या आकड्यावरून 'बाया मुळातच खंबीर असतात' असा निष्कर्ष काढला, की पुढची पायरी ठरलेली : नवऱ्यावर लक्ष ठेवणं, त्याला बोलतं करणं, त्याची बंदूक कुलपात ठेवणं, डॉक्टरकडे नेणं, हे सगळं तिच्या कामाच्या यादीत जातं. तिला झोप लागते का, हे कुणी विचारत नाही. आत्महत्या न करणं म्हणजे सुखात असणं नव्हे. विदर्भात एकट्या राहिलेल्या बायांबरोबर काम केलेल्या मैत्रिणींना हे समजावून सांगायला नको.

आता पाण्याचा हंडा. क्वीन्सलँड राज्यातल्या स्टॅनथॉर्प या गावाचं पाणी जानेवारी २०२० मध्ये संपलं आणि टँकरने पाणी आणावं लागलं. त्या भागात माणशी दिवसाला ८० लिटर अशी मर्यादा घातली गेली. आपल्या टंचाईग्रस्त गावातली बाई म्हणेल, ८० लिटर? चैन आहे! खरं आहे. पण घरात तान्हं मूल असेल, अंथरुणावर म्हातारी असेल, कुणाची पाळी असेल, तर त्या ८० लिटरची वाटणी कोण करतं? दोन्ही देशांत उत्तर एकच.

आणि पाणी संपतं ते सगळ्यांचं सारखं संपत नाही. मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढला गेला आहे. तो बाजारात विकता-घेता येतो. डार्लिंग नदीला तिथले बारकिंजी आदिवासी 'बाका' म्हणतात. ती त्यांची आई. या नदीच्या वरच्या अंगाला कापसाची प्रचंड शेतं, खालच्या अंगाला कोरडं पात्र. २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ च्या सुरुवातीला मेनिंडी या गावाजवळ लाखो मासे मरून तरंगले. मार्च २०२३ मध्ये, पूर ओसरत असताना, पाण्यातला प्राणवायू संपला आणि तिथेच पुन्हा कोट्यवधी मासे मेले. एकदा दुष्काळात, एकदा पुरानंतर. न्यू साउथ वेल्स राज्यातल्या वॉलगेट या गावात आदिवासींची वस्ती मोठी आहे. नद्या आटल्यावर तिथे नळाला जमिनीखालचं पाणी सोडलं गेलं आणि त्यात सोडियमचं प्रमाण फार होतं. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना हे पाणी चालत नाही. तिथल्या आदिवासी ज्येष्ठांनी हा प्रश्न लावून धरला. या सबंध खोऱ्यातल्या पाणीहक्कांपैकी आदिवासी संस्थांकडे एक टक्काही हक्क नाहीत.

कधीकधी दोन्ही टोकं एकाच घरात येऊन भिडतात. क्वीन्सलँडच्या वायव्य भागात कित्येक वर्षं दुष्काळ होता. लोकांनी कर्ज काढून, चारा विकत आणून गुरं जगवली. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथे दिवसचे दिवस पाऊस कोसळला, सोबत थंड वारा. दुष्काळाने खंगलेली सुमारे पाच लाख गुरं मेली. ज्या पावसासाठी नवस बोलायचे, त्यानेच गोठा धुऊन नेला. मेलेलं जनावर ओढून पुरायचं, मुलांना त्या वासापासून लांब ठेवायचं आणि संध्याकाळी चूल पेटवायची, हे काम त्या आठवड्यात किती बायांनी केलं असेल! त्याची मोजदाद नाही. गुरांची आहे.

आता लिस्मोर. न्यू साउथ वेल्सच्या ईशान्येला विल्सन्स नदीकाठचं हे शहर. बुंजालुंग आदिवासींची ही भूमी. पूर इथे नवा नाही. लोकांची घरं लाकडी खांबांवर उंच बांधलेली. २००५ मध्ये शहराभोवतीचा बांध पूर्ण झाला. २०१७ मध्ये पाणी तो ओलांडून आत आलं. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी नदी १४.४ मीटरपर्यंत चढली. आधीच्या सर्वांत मोठ्या पुरापेक्षा दोन मीटरहून जास्त. लोकांनी जुन्या पुरांच्या खुणा पाहून त्याच्या वर सामान रचलं होतं. पाणी त्याच्याही वर गेलं. माणसं पोटमाळ्यावर, मग छपरावर. सरकारी बचाव पथकं पुरी पडली नाहीत. मासेमारीच्या छोट्या ॲल्युमिनियमच्या होड्या घेऊन शेजारीच शेजाऱ्यांना काढायला निघाले. विद्यापीठाच्या आवारात निवारा केंद्र उघडलं गेलं. महिन्याभरात, मार्चच्या अखेरीस, शहर दुसऱ्यांदा बुडालं.

त्या वेळी एक गोष्ट घडली ती मला फार मोलाची वाटते. 'कूरी मेल' हे आदिवासींच्या मालकीचं वृत्तपत्र १९९१ पासून लिस्मोरच्या भागातून निघतं. त्यांची इमारतही बुडाली. तेव्हा नेओमी मोरन या बाई तिथल्या सरव्यवस्थापक होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापखान्याची चिंता बाजूला ठेवली आणि त्या इमारतीपाशी मदत केंद्र उभं केलं. जेवण, कपडे, औषधं, मनाला आधार. जो येईल त्याला, आदिवासी असो वा गोरा. दूरच्या आदिवासी वस्त्यांना हेलिकॉप्टरने सामान पोचवलं. सरकारी यंत्रणा जागी होण्याच्या आधी.

असं पहिल्यांदा झालं नाही. १८५२ मध्ये मरंबिजी नदीकाठचं गंडगाय हे गाव पुरात वाहून गेलं, ऐंशीहून अधिक माणसं मेली. तिथे वस्ती करू नका, असं विराजुरी आदिवासींनी गोऱ्या वसाहतवाल्यांना आधीच बजावलं होतं. कुणी ऐकलं नाही. मग त्याच विराजुरींपैकी यारी आणि जॅकी जॅकी यांनी सालीच्या होड्यांतून साठहून अधिक माणसं वाचवली. ज्यांना नदी ठाऊक असते त्यांना आधी विचारायचं नाही, आणि बुडायला लागल्यावर त्यांनीच वाचवायचं! बाईच्या बाबतीतला हिशेब फार वेगळा आहे का?

पाणी ओसरलं. आता घराच्या आत. इथे मला पुराऐवजी आगीचा दाखला द्यावा लागतो, कारण सर्वांत नेमकं काम तिथे झालं. त्याच दीर्घ दुष्काळाच्या शेवटी, ७ फेब्रुवारी २००९ रोजी, व्हिक्टोरिया राज्यात वणवे पेटले आणि १७३ माणसं गेली. पुढच्या काळात डेब्रा पार्किन्सन आणि क्लेअर झारा यांनी त्या भागातल्या ३० स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. निम्म्याहून अधिक जणींनी आगीनंतर घरात झालेल्या हिंसेबद्दल सांगितलं. काहींच्या संसारात ती आगीनंतर पहिल्यांदाच आली होती. त्याआधी ऑस्ट्रेलियात हा प्रश्न अशा रीतीने कुणी विचारलाच नव्हता.

आणि त्या बोलल्या का नव्हत्या? कारण नवरा आगीशी लढलेला, गावाचा नायक. 'त्याने किती सोसलंय, थोडं समजून घे' असं पोलीस, नातेवाईक, कधीकधी समुपदेशकही सांगत. सगळं गाव दुःखात, तिथे आपलं गाऱ्हाणं काय मांडायचं? हे वाचताना माझ्या कानात आपल्याच वस्तीतल्या बायांचा आवाज होता.

हिंसेतून बाहेर पडायचं तर जायला जागा हवी. लिस्मोरच्या पुरानंतर आधीच महाग असलेली भाड्याची घरं मिळेनाशी झाली. लोक तात्पुरत्या खोल्यांच्या वसाहतींत, गाड्यांत, तंबूत, अर्धवट धुतलेल्या घरांत राहिले. पुराचा विमा परवडत नव्हता म्हणून कित्येकांनी घेतलाच नव्हता. बाईला घर सोडायचं असेल तर सोडून जायचं कुठे? घर बुडाल्यावर हिंसा करणाऱ्याबरोबर एकाच खोलीत राहावं लागणं, हेही पुराचंच नुकसान आहे. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग श्रीमंतीचा काही उपयोगच नाही का? आहे. लबाडी करायची नाही. आकाराने एवढ्या पुरात माणसं तुलनेने कमी मेली. एक नियम तर आपण जसाच्या तसा मागावा असा आहे : मोठ्या आपत्तीत केंद्र सरकारची तातडीची मदत प्रत्येक पात्र प्रौढ व्यक्तीला १,००० डॉलर आणि मुलामागे ४०० डॉलर अशी मिळते. बाईचा अर्ज तिच्या नावाने. अडचणीतल्या शेतकरी कुटुंबांच्या भत्त्यासाठीही शेतकऱ्याच्या जोडीदाराला स्वतंत्र अर्ज करता येतो. रक्कम मोठी नाही, पण बाई तिथे 'कुटुंबप्रमुखाची पत्नी' या रकान्यात अडकत नाही. २०११ च्या पुरात उद्ध्वस्त झालेलं ग्रँथम हे गाव त्याच वर्षी उंचावर हलवायला घेतलं गेलं, बुडीत जागेच्या बदल्यात वरची जागा देऊन. पार्किन्सन यांच्यासारख्यांच्या कामातून पुढे आपत्ती आणि लिंगभाव यांवर प्रशिक्षण देणारी यंत्रणाही उभी राहिली.

पण हे सगळं कुणीतरी प्रश्न विचारला म्हणून झालं. पैसा आधीही होता. घराच्या आतलं नुकसान तो आपणहून मोजत नाही. मोजा म्हणणारी बाई उभी राहावी लागते. मला आज एवढंच सांगायचं आहे.

२०१९ मध्ये सांगलीकडच्या एका शाळेतल्या छावणीत मी पंचनाम्याच्या रांगेजवळ बसले होते. एक बाई चौथ्यांदा परत फिरत होती. 'घरातला कर्ता माणूस आल्यावर या,' असं तिला सांगितलेलं. तिचा कर्ता माणूस सहा वर्षांपूर्वी निघून गेलेला. मी आत जाऊन भांडले, नाव लिहून घेतलं गेलं. पण त्या दिवशी मी तिला पत्रा किती गेला, भांडी किती गेली, एवढंच विचारलं. रात्री छावणीत झोपायला भीती वाटते का, हे विचारलं नाही. फॉर्मवर तो प्रश्न नव्हता आणि माझ्याही डोक्यात आला नाही. समाजकार्याची पदवी घेऊन!

म्हणून शेवटी तीन गोष्टी, चर्चेसाठी. एक, आपत्तीची मदत प्रौढ व्यक्तीगणिक मिळावी, परित्यक्ता, विधवा, एकट्या बाईचा अर्ज तिच्या नावाने घेतला जावा, ही मागणी आपण तालुक्यापासून लावू शकतो का? दोन, पूर किंवा टंचाईनंतर आपण जे सर्वेक्षण करतो त्यात काम किती वाढलं, झोप किती, घरात मारहाण सुरू झाली किंवा वाढली का, जायला जागा आहे का, हे प्रश्न, एकटीला बाजूला घेऊन, विचारायचे का? आणि पहिल्या पंधरवड्यात विचारून थांबायचं नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा जायचं, कारण हिंसा तेव्हा दिसते. तीन, छावणी कुठे लागावी, संडास कुठे असावेत, पाणी कसं वाटावं, हे नदी ठाऊक असलेल्या बायांना पावसाळ्याच्या आधी विचारायचं की नंतर?

पुढचा पावसाळा काही लांब नाही. माझं बोलणं इथे थांबवते. आता तुम्ही बोला. आणि सुरुवात शिरोळकडून आलेल्या मैत्रिणींनी करावी, त्यांनी पाणी पाहिलेलं आहे.